पानी भरलंय

रोह्याहून येणारी पॅसेंजर कासूला जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्यात बाबाने माझी बॅग आत ढकलली, तो खाली उतरला आणि खिडकीचा गज धरून उभा राहिला. आई स्टेशनवर आलीच नव्हती. गाडी जाताना बघवणार नाय, म्हणाली. मी नर्स म्हणून इंग्लंडला निघाले होते आणि बाबाने एवढंच विचारलं, "खिडकी गावली ना गो?" मी मान हलवली. गाडी सुटली. दुपारच्या उन्हात खाडीकडची सगळी जमीन पांढरी, वितळल्यासारखी दिसत होती. त्या पांढऱ्यात बाबा कधी मिसळून गेला, कळलं नाही.

तिथवर पोचायला एका परीक्षेने मला दीड वर्ष अडवलं होतं. बाहेर नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, हे माझ्यासारख्या निघालेल्या सगळ्यांना माहीत आहे. माझं बोलणं, ऐकणं, वाचणं निभावून जायचं. लिहिण्यात मी दोनदा अडकले, तेही आलेखापाशी. समोर एक चार्ट ठेवतात, कधी रेघांचा, कधी खांबांचा. वीस मिनिटांत तो शब्दांत मांडायचा.

रोह्याच्या हॉस्पिटलातली शिफ्ट संपली की मी पेणला रामवाडीत शैला मॅडमकडे शिकायला जायची. एकदा कुठल्याशा देशात लोकांचं मासे खाणं कमी होत गेल्याचा चार्ट होता. मी लिहिलं, कंपन्यांचं पाणी खाडीत आलं असणार, म्हणून मासळी गेली. मॅडमनी लाल पेनाने रेघ ओढली.

"हे चार्टमध्ये कुठे दिसलं तुला?"

"आमच्याकडे असंच झालं, मॅडम."

"तुमच्याकडचं नको. दिसतं तेवढंच लिही. का झालं, ते तुला कुणी विचारलेलं नाही."

मला ते जमेना. आमच्या घरी कुठलीही गोष्ट कारणाशिवाय सांगितलीच जात नसे. शेजारीण आजारी पडली, तर तिच्या सासूपासून सुरुवात व्हायची.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी कागद घेऊन मिठागराच्या बांधावर जाऊन बसले. खाडीचं पाणी उथळ चौकोनांत घ्यायचं, ते उन्हात आटत ठेवायचं आणि तळाशी धरलेलं मीठ ओढायचं, हे बाबाचं काम. हातपाय धुऊन तो माझ्या शेजारी टेकला आणि त्याने चार्टवर ओलं बोट ठेवलं.

"ही हितून चढली. हितं दमली. मंग बसली. मंग एकदम घसरली."

मला दीडशे शब्दांत न जमलेलं त्याने चार क्रियापदांत सांगितलं होतं.

"का घसरली, विचारणार नाय?" मी म्हटलं.

"कागदाव लिवलंय का तसं?"

"नाय."

"मंग?"

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही बांधावर बसायचो. समोरच्या चौकोनांत आभाळ उतरलेलं असायचं. मी त्यांचं इंग्रजीत वर्णन करायची. पलीकडच्या कोपऱ्यात पांढरा रंग ग्रॅज्युअली वाढतो आहे, मधलं पाणी स्टेडी आहे. बाबाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण डोळे मिटून तो ऐकत राहायचा, आई देवळातलं भजन ऐकते तसा. त्या वेळी मला वाटायचं, आपण दोघं जमिनीवर नाहीच, पाणी आणि आभाळाच्या मध्ये कुठेतरी बसलोय.

तिसऱ्या वेळी परीक्षेत एका देशातल्या खेड्यांचा चार्ट आला. तरुणांची रेघ उतरत होती, म्हाताऱ्यांची चढत होती. माझा हात थांबला. का ते मला ठाऊक होतं. त्या रेघेतून उतरणाऱ्यांपैकी मी एक होते. तरी मी लिहिलं, तरुणांची संख्या या काळात हळूहळू कमी होत गेली. वाक्य बरोबर होतं. त्या वाक्याने मी पास झाले.

आता इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरात म्हाताऱ्यांच्या वॉर्डमध्ये काम करते. शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला हँडओव्हर देते, तेव्हा काय पाहिलं तेवढंच सांगते, आणि सगळे माझी तारीफ करतात. दर रविवारी घरी फोन. गेल्या दिवाळीनंतर बाबा दर वेळी म्हणायचा, "पानी भरलंय." मला वाटायचं, हंगाम सुरू झाला, चौकोनांत पाणी घेतलंय. मी म्हणायची, "बरं झालं," आणि पुढचं बोलायची.

फेब्रुवारीत रजेवर गेले. बांधावर जायला निघाले, तर बांधच नव्हता. भरतीने त्याला मोठी खांड पाडली होती, आणि चौकोन होते तिथे एकसंध खाडी हलत होती. बाबा काठावर चिंबोऱ्यांचं, खेकडे धरायचं जाळं झटकत होता.

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं की. पानी भरलंय म्हनून." तो जाळ्याकडेच बघत म्हणाला, "का भरलंय, ते तू इचारलंच नाय."

त्यात राग नव्हता. मला तेच जास्त लागलं. मी तिथेच चिखलात बसले आणि विचारलं. बांध कधी फुटला, कसा फुटला, दुरुस्तीला कोण आलं, कोण आलं नाही. बाबा ऊन उतरेपर्यंत बोलत होता. इतकं बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर एका रविवारी फोन आईने उचलला. एरवी ती फोनला हात लावत नाही, दुरूनच जेवण विचारते. बाबा चिंबोऱ्यांना गेला होता.

"तुझा तिकडं कसा हाय गो?"

"बरं आहे, आई."

"तसा नाय. खरा सांग."

मी खुर्चीत बसले. मग सांगितलं. चार वाजताच अंधारणारे दिवस, मी रोज भरवायची ती वॉर्डातली आजी गेली त्या सकाळी माझ्याशी कुणी बोललं नाही ते, जेवण एकटीचं असलं की उभ्यानेच उरकते ते. आई मध्ये मध्ये "व्हय" म्हणत होती. मागे तिच्या बांगड्या वाजत होत्या, तांदूळ निवडत असावी. घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की पूर्वी मी नकाशात बोट ठेवायची. आता बोट नकाशाकडे जात नाही, फोनकडे जातं. मी बोलत होते, आणि तिकडे कासूजवळ एक बाई सूप बाजूला सारून म्हणत होती, "थांबू नको. मी हाय, ऐकतंय."