शेवगावच्या जिममधली माणसं

जिममध्ये वजन उचलण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त दोन सेटच्या मध्ये दम खाण्यात जातो. त्या वेळात माणसं बोलतात. शेवगावात मी जिम चालवतो. मशिनं मोजकीच आहेत, पण किस्से ठेवायला जागा उरलेली नाही.

*

गुरुजी रिटायर झालेले. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. मांड्यांत ताकद आली की गुडघ्यांवरचा भार हलका होईल, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं. गुरुजी म्हणाले, "हीच शिक्षा आयुष्यभर पोरांना दिली."

काही महिन्यांनी ते नेवाशाला निघाले होते. कंडक्टरनं नेहमीप्रमाणे त्यांना वर घ्यायला हात पुढे केला. गुरुजी आपले आपण चढले आणि पुढे आलेला हात रिकामा जाऊ नये म्हणून शेकहँड करून सीटवर जाऊन बसले.

*

भाऊसाहेबांची शेती कांद्याची. आले तेच कंबर धरून, तरी वर म्हणाले, "आमी जलमभर गोण्या उचलल्या. आमाला काय शिकवता?" पाठ सरळ ठेवायची, ओझं अंगाजवळ घ्यायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं, एवढंच मी शिकवलं. हळूहळू कंबर मोकळी झाली.

मग ते मार्केट यार्डात हमालांनाच शिकवायला लागले. एक हमाल म्हणाला, "दाखवा बरं." भाऊसाहेबांनी एक गोणी उचलून टेम्पोत टाकली. हमाल म्हणाला, "नीट कळलं न्हाई. परत दाखवा."

टेम्पो भरत आला तेव्हा त्याला कळलं.

*

नितीन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. निकालाच्या काळजीनं त्याची झोप उडाली होती, छाती धडधडायची. जिमला यायला लागल्यावर झोप लागू लागली. तो एकदा म्हणाला, "सर, बार छातीवर असला की डोक्यात दुसरं काही शिरतच नाही."

निकाल लागला. यादीत त्याचं नाव नव्हतं. घरच्यांचा मला फोन आला, तुमच्याकडे आला तर जरा लक्ष ठेवा म्हणून. संध्याकाळी तो रोजच्या वेळेला आला. कुणीतरी गाणी बंद केली. त्यानं बुटाची नाडी बांधली आणि विचारलं, "आज पायांचा दिवस आहे ना?"

*

मंगलताईंचा नवरा ट्रक ड्रायव्हर, त्यामुळे कायम बाहेर. घरी ताई आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. म्हातारीला संडासला न्यायचं तर शेजारच्या पुरुषांना हाक मारावी लागायची. परक्यांनी उचललेलं तिला सहन होईना. तिनं पाणी पिणंच कमी केलं.

ताई जिममध्ये आल्या आणि म्हणाल्या, "मला बारीक व्हायचं न्हाई. माणूस उचलता आलं पायजे."

गल्लीतल्या बायका हसल्या. ताईंनी रिकाम्या बारपासून सुरुवात केली, पुढं एकेक प्लेट चढवली, मग वाळूची पिशवी छातीशी धरून चालायला लागल्या. पिशवीत मी दर थोड्या दिवसांनी वाळू वाढवत गेलो. ताई फारसं बोलत नसत.

एके दिवशी नेहमीच्या वेळेला त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्यावर त्यांनी सांगितलं. शेजारी कुणीच घरी नव्हतं आणि म्हातारी कळवळत होती. ताईंनी एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, श्वास भरून घेतला आणि उठल्या. म्हातारीनं डोळे मिटून त्यांच्या गळ्यात हात टाकला. नेलं, स्वच्छ केलं, परत आणलं.

खाटेवर ठेवायला ताई वाकल्या, तर सासूबाईंनी गळ्यातले हात सोडले नाहीत. म्हणाल्या, "इतक्यात ठिवू नको. जरा दारापातूर चल."