मुदत : कानबाईपर्यंत

मी जळगावात समुपदेशक आहे. म्हणजे नक्की काय करते, हे सासरच्या माणसांना सांगता सांगता माझी अठरा वर्षं गेली. एवढी तोंडाची वाफ मी कामावर दवडली असती तर निदान दोन-चार माणसं बरी झाली असती. लग्नकार्यात माझी ओळख अजूनही "ही वेड्यांशी बोलते" अशीच करून देतात, आणि समोरची बाई पटकन पदर सावरून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसते.

माझ्या धाकट्या दिरांचं तसं नाही. ते धुळ्याला असतात. आधी विमा, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं, आणि आता गेली तीन वर्षं लाईफ कोच. त्यांच्याकडे जायला कुणाला लाज वाटत नाही, कारण तिथे हॉल असतो, चहा असतो, छापील वही मिळते. "तुम्ही दोघं एकाच धंद्यातले," असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी समजावते, की विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, फक्त ते आधी कुठल्या वाफ्याला सोडायचं हे ठरत नाही, तेव्हा कोच कामाचा. पण विहीरच आटली असेल तर वाफे आखून काय करायचं? तेव्हा आधी खाली उतरून बघावं लागतं. माणसं मान डोलावतात आणि विचारतात, "मंग तुमनी वही कवय मिळस?" म्हणजे, माझी वही कधी मिळणार!

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मधे नाना आले.

नाना म्हणजे माझे सासरे. शिरपूरजवळच्या खेड्यात त्यांची कपाशी आहे. दोन वर्षांपूर्वी माझे मोठे दीर शेतातून आले, खाटेवर टेकले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून नाना शेतात गेले नाहीत. जेवायला बोलावलं तर येत, विचारलं तर हो-नाही म्हणत. घराने एकमताने ठरवून टाकलं, नानांसमोर विषय काढायचा नाही. भिंतीवरचा फोटोसुद्धा आतल्या खोलीत गेला.

मी म्हणाले, यांना समुपदेशनाची गरज आहे. घरच्या माणसाचं काम आम्ही घेत नाही, म्हणून धुळ्याच्या एका चांगल्या बाईंचा नंबरही दिला. नाना म्हणाले, "मी काय येडा शे का?" विषय संपला. दोन महिन्यांनी कळलं, ते दर रविवारी एसटीने धाकट्याच्या क्लासला जातात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मुलगा गमावलेला, आणि हे दीर त्याला पुढच्या पाच वर्षांची ध्येयं विचारताहेत! मी फोनवर दिरांना नको ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, निगेटिव्ह नका होऊ."

मग श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशातला घरोघरी देवी बसवायचा सण. वर्षश्राद्ध गेल्या भाद्रपदात उरकलं, त्यानंतरची ही पहिलीच. आम्ही सगळे गावी जमलो. आदल्या दिवशी सकाळी दीर मला ओसरीवर गाठून म्हणाले, "नानांना जमतच नाही हो. चार महिने झाले, एक ध्येय लिहिता येत नाही. बघा तुम्हीच."

त्यांनी पुढे केलेल्या नानांच्या वहीत छापील रकाने होते. 'मला काय साध्य करायचं आहे' यापुढे नानांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : घरात कोणीतरी त्याचं नाव घ्यावं. खाली 'मुदत' या रकान्यात : कानबाईपर्यंत. आणि त्यावर लाल पेनाने दिरांचा शेरा : हे ध्येय नाही. सकारात्मक लिहा.

मी कपाळाला हात लावला. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण वहीत निदान प्रश्न तरी होता. मी, घरातली शिकलेली, नानांना दोन वर्षांत काय विचारलं होतं? नंबर दिला होता. फोटो आत नेला तेव्हा मीही गप्प होते. मला माझीच चीड आली, आणि ती दिरांवरच्या चिडीपेक्षा जास्त होती.

दुपारी रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायला नाना बसले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात, वडीलकीच्या क्रमाने. त्या पिठाचे रोट फक्त घरच्यांनीच खायचे आणि संपवायचे. नानांनी स्वतःचं नाव घेतलं, सव्वा मूठ टाकली. पुन्हा मूठ भरली आणि हात तसाच राहिला. पुढचं नाव थोरल्याचं होतं. गेलेल्याचा वाटा काढत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माझा नवरा जमिनीकडे बघत होता. दीर हळूच म्हणाले, "नाना, पुढचं."

आमच्याकडे सुना थोरल्या दिराचं नाव घेत नाहीत. अठरा वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं, 'मोठे भाऊजी' यापलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी मी मोठ्याने घेतलं. भाऊजी वगैरे काही न लावता, आई घेते तसं.

नानांची मूठ उघडली, गहू सुपात पडले. वर त्यांनी पाव मूठही मोजून टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आखो एकदाव ले, बेटी."

मी पुन्हा घेतलं. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला. माझ्या थोरल्या जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी चौकट धरली आणि ते नाव घेतलं.