माफी मागायला मीच सापडले!

"आया, इकडं पुसा! तुमच्या मुलीनं सांडलंय."

वर्गाच्या मधोमध उभी राहून माझ्या वर्गातली ती उंच पोरगी ओरडली. सांबार तिनंच सांडलं होतं. मुद्दाम, डबा तिरका करून, माझ्याकडं बघत. माझी आई त्या कॉन्व्हेंटात आया होती, म्हणून मला तिथं फुकट शिकायला मिळत होतं. आई फडकं घेऊन आली आणि बाकाखाली वाकून पुसायला लागली. ही पाय वर घेऊन बसली. पोरी खदखदून हसल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई खालूनच म्हणाली, "सुम्मने बस गं. गप."

आमच्या म्हैसूरच्या घरातलं मराठी असंच, निम्मं कन्नड. त्या दिवसापासून मी दिसले की अख्खा वर्ग "सुम्मने बस गं" म्हणायचा. आईचा आवाज काढून. मी गप बसले, कारण आईची नोकरी गेली असती आणि माझी शाळाही.

ती आता सिनेमात आहे. मुलाखतींत रडते. शाळेत तिला जिराफ म्हणायचे, ती बाथरूमपाशी लपून जेवायची, आणि त्या जखमेतूनच तिला 'खरी मी' सापडली म्हणे. जिराफ म्हणायचे, हे खरंय. मी ऐकलंय, आणि वाईटच होतं ते. पण बाथरूमपाशी? अय्यो! तिथं पायरीवर बसून जेवायचे ते मी आणि आई. आमचं दुःखसुद्धा उचललं या बाईनं.

मी म्हैसुरातच, हेब्बाळच्या एका कंपनीत कॅन्टीन बघते, कंत्राटावर. तिथं तिचा कार्यक्रम ठरला, 'स्वतःवर प्रेम करा'. एचआरच्या मॅडम पुण्याच्या. त्यांना कुणीतरी सांगितलं, मी तिच्या वर्गात होते.

"ताई, किती छान! तुम्ही स्टेजवर यायचं, वर्गाच्या वतीनं सॉरी म्हणायचं. ती तुम्हाला मिठी मारेल." आणि हसत हसत आठवण करून दिली, माझं कंत्राट याच महिन्यात संपतंय.

मी म्हटलं, "मॅडम, छळलं तिनं मला. मी नाही."

मॅडमचे डोळे चमकले. "अय्या, म्हणजे तुमचीही स्टोरी आहे! तीही शेअर करा ना. मोकळं वाटेल."

तिथंच माझा संशय पक्का झाला. काय घडलं याच्याशी यांना काडीचं देणंघेणं नाही. रडणारं कुणीतरी हवंय. छळणारं कुणीच नाही, सगळे छळलेलेच. मग ते सांबार काय आपोआप सांडलं? आणि आईला कधी कुणी विचारलं का, बाई, तुझी 'खरी मी' कुठाय? आई कामावरून हिनकलला घरी यायची, सुजलेले पाय गरम पाण्यात घालायची आणि तशीच भात टाकायला उठायची.

कार्यक्रमाच्या दिवशी मॅडमनी माफीच्या दोन ओळी लिहिलेला कागद माझ्या हातात दिला आणि मला स्टेजमागच्या खोलीत नेलं. ती आरशासमोर होती. मला वाटलं, मला विसरली असेल. मॅडम दार ओढून बाहेर गेल्या, तशी हळूच कन्नडात म्हणाली, "तू आयाची मुलगी, अल्वा? तीच ना? आई कशी आहे?"

"गेली."

तिनं मान खाली घातली. वेडी मी, वाटलं, आता सॉरी म्हणेल. ती म्हणाली, "ठरलेल्या दोनच ओळी म्हण हां. दुसरं काही नको. प्लीज."

म्हणजे सगळं आठवतंय हिला! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, "माफी तू माग. इथंच. दार बंद आहे, कॅमेरा नाही."

ती आरशाकडं वळली, केस सारखे केले. मग म्हणाली, "माझी टीम बोलेल तुझ्याशी."

मी बाहेर पडले. स्टेजवरून माझं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. मी कॅन्टीनमध्ये जाऊन चहाचं आधण ठेवलं. मॅडम मागोमाग आल्या, लालबुंद. म्हणाल्या, "ताई, मोठ्या मनानं माफ करायला शिका हो. हलकं वाटतं."

कंत्राट जाणार, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. जाऊ दे. हूटगळ्ळीत कारखाने आहेत, तिथंही माणसं जेवतात. मी राबायला भीत नाही. पण मी न केलेल्याची माफी मागणार नाही. आईची गोष्ट यांच्या टाळ्यांसाठी सांगणार नाही. आणि माफ तर मुळीच करणार नाही. तिनं माफी मागितलेलीच नाही.