घमापूरचे चेहरे

दार उघडल्यावर नलूमावशींनी माझं नाव विचारलं नाही. हनुवटीला धरून माझा चेहरा खिडकीकडे वळवला. "उजेडाकडे पाठ करून काहून उभा राहिला रे? चलो, आता दिसला." बँकेतल्या बदलीमुळे मी नागपूरहून जबलपूरला आलो होतो आणि तिथल्या मदन महल भागात त्यांची वरची खोली भाड्याने बघायला गेलो होतो.

मावशींचे यजमान तोफांच्या कारखान्यात होते. ते गेल्यापासून त्या एकट्याच राहत. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून तिथेच रोल धुवायच्या, फोटो छापायच्या. तरुणपणापासून त्यांनी एकच काम केलं. शहरातल्याच घमापूरच्या बाजारातली माणसं, तीही कृष्णधवल. रंगीत का नाही, असं विचारलं की म्हणत, "लुगडं लाल दिसलं की लोक लुगडंच पाहून राहतात. चेहरा राहून जातो."

पहिलं प्रदर्शन ठरलं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. फोटो लावण्याआधी त्या ज्याला त्याला विचारायला निघाल्या. पिशवी धरायला मी, त्यांचा भाडेकरू. भाजीवाली रामप्यारी फोटोत पालथ्या टोपलीवर बसलेली होती, हात मांडीवर पडलेले, नजर हरवलेली. मावशींचं ते सगळ्यात सुंदर काम. रामप्यारीने तो बराच वेळ पाहिला.

"दीदी, उस दिन मुझे घर से निकाल दिया था," ती म्हणाली. "ये सबको मत दिखाओ."

"अच्छा," म्हणत मावशींनी फोटो तिच्या हातात ठेवला. घरी येऊन निगेटिव्हही कापून काढली आणि दुसऱ्या दिवशी तिला नेऊन दिली.

मी कळवळलो. "मावशी, असा फोटो पुन्हा होणार नाही!"

"मला समजत नाही का ते?" त्यांचा आवाज चिरकला. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "फोटो माझा होता रे. पण दिवस तिचा होता."

प्रदर्शनाला रामप्यारी आली. इस्त्रीची साडी, चापून बसवलेले केस. बाजारातले ओळखीचे चेहरे बघून खुदखुदली. मग एक खुर्ची ओढून भिंतीपाशी बसली. "अब खींचो, दीदी. आज का."

तो फोटो छापून झाल्यावर मी म्हटलं, "जरा ताठच बसलीय."

"बसू दे. आजवर मी लोकांचे चेहरे घेत आली. हिनं आपणहून दिला."

मावशी या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्या बैठकीत एकच फोटो आहे. ताठ बसलेली रामप्यारी, थेट आपल्याकडे बघणारी.