दहा हात पट्टी

लोकरीच्या चार गाद्या, दोन पेट्या आणि एक पितळी परात टेम्पोच्या टपावर चढवून झाल्यावर लोत्फीच्या लक्षात आलं, की दोरी संपली आणि सगळ्यांत वरची गादी अजून मोकळीच आहे. बहिणीचं लग्न उद्यावर आलेलं. सामान आजच तिच्या सासरी, डोंगरापलीकडे कॉन्स्टंटीनला पोचायला हवं होतं, आणि मावसभाऊ झुबीर टेम्पोत बसून हॉर्नचा जीव काढत होता. लोत्फी धावत घराच्या गच्चीवर गेला. तिथं कपड्यांच्या तारेवर एक तपकिरी सुती पट्टी वाळत होती. चार बोटं रुंद, दहा हात लांब, धुऊन धुऊन विरलेली. त्यानं ती ओढली, गादीवरून दोनदा फिरवली आणि अशी गाठ मारली की बंदरातल्या खलाशांनी शिकायला यावं. टेम्पो गेला. लोत्फी शीळ घालत न्हाव्याकडे गेला.

दुपारी गुळगुळीत दाढी करून तो घरी परतला, तर जिन्यात वरून खाली येणारी खाल्ती वर्दिया भेटली.

"गच्चीवर माझी पट्टी नाही," ती म्हणाली.

"कुठली पट्टी, खाल्ती?" लोत्फीनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला गादीवरची गाठ आठवली.

खाल्ती म्हणजे मावशी; वर्दियाला सगळी गल्लीच खाल्ती म्हणे. ती तळमजल्यावर राहायची. तिच्या घरात ऊन येत नसे, म्हणून तिचं धुणं वरच्या गच्चीवर वाळे. वय पासष्टच्या पुढे, अंगानं काडी, आणि आवाज असा की गल्लीतली मांजरंसुद्धा तिच्या दारावरून जाताना शेपूट खाली घेत. तरुणपणी ती सार्डिनच्या कारखान्यात मासे डब्यात भरायची. पण अल्जीरियातल्या स्किक्दा बंदराच्या आमच्या वस्तीत तिला ओळखत ते तिच्या कर्दूनमुळे. कर्दून म्हणजे तीच पट्टी. मुलीचे केस धुवायचे, अर्धवट ओलसर असताना तेलाचा हात फिरवून विंचरायचे, मागं एक शेपटी बांधायची आणि मुळापासून टोकापर्यंत पट्टी घट्ट गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी सोडली की केस सरळ आणि चमकदार. ना इस्त्री, ना गरम हवा. समुद्रावरून येणारी दमट हवा इथं बायकांच्या केसांत शिरते आणि दहा मिनिटांत डोक्याची पिंजलेली लोकर करून ठेवते. त्या हवेशी खाल्ती चाळीस वर्षं एकटी लढत होती आणि तिचं हत्यार ती एकच पट्टी होती.

ते हत्यार आत्ता गादीवर बसून कॉन्स्टंटीनला गेलं होतं.

लोत्फीनं सांगितलं. खाल्ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती जिन्याच्या पायरीवर हळूच बसली आणि तिनं कठडा धरला. लोत्फीनं तिला असं जिन्यात बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"फोन लाव," ती म्हणाली.

पलीकडून झुबीर आनंदात बोलला. "पोचलो रे. सामान उतरलं. पण गाठ कुठल्या गाढवानं मारली होती? सुटेचना. शेवटी नवऱ्याच्या काकांनी सुरी घातली. तीन तुकडे झाले तेव्हा कुठं गादी खाली आली."

फोन खाल्तीच्या कानालाच होता. तिनं तो लोत्फीच्या हातात ठेवला आणि जिना चढून वर गेली.

वर त्याची बहीण विदाद हमाममधून नुकतीच आली होती. खांद्यावर टॉवेल, ओले केस, आणि चेहऱ्यावर गेल्या तीन महिन्यांची भीती. साखरपुड्याला होणारी सासू म्हणाली होती, "मुलगी गोड आहे, फक्त डोकं भिजलेल्या मेंढीचं आहे." सगळे हसले. विदादही हसली आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करायचं क्रीम लावून आली. क्रीमनं केस सरळ केले नाहीत, जाळले. टोकं हातात येऊ लागली. त्याच पार्लरवालीनं नंतर तोंड पाडून सांगितलं, की वर्षभर गरम काही लावलंत तर उरलेलेही जातील. म्हणून उरली ती खाल्ती आणि तिची पट्टी. उद्या लग्नाचा पायघोळ मखमली झगा, गंदुरा, घालून, केस पाठीवर मोकळे सोडून विदादला त्या सासूसमोर बसायचं होतं.

"तुकडे झाले तर झाले," लोत्फी धीर करून म्हणाला. "बाजारात नवीन मिळते. आत्ता आणतो."

"नवीन आणलीस तर तीच तुझ्या गळ्याला बांधेन," खाल्ती म्हणाली, पण तिचा आवाज गल्लीला ऐकू जाईल असा नव्हता.

ती दुसऱ्या खोलीत कपड्यांची कपाटं उघडायला गेली, तेव्हा आईनं, म्हणजे यम्मानं, लोत्फीला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. "तुला ठाऊक नाही का रे मूर्खा? तिच्या नवाराचं लग्न होतं. पोटची पोर, म्हणून हिनं हौसेनं जत्रेतून नवी चकचकीत पट्टी आणली. नवं कापड, ते केसाला धरून बसलं. हिनं घट्ट बांधलं. सकाळी सोडलं तर कानाच्या वर अंड्याएवढी जागा साफ. पोरगी लग्नात फुलं खोचून बसली होती. तेव्हापासून ही नव्या कापडाला हात लावत नाही."

लोत्फीला आठवलं. लहानपणी खाल्ती बहिणीचे केस गुंडाळायची ते तो बघायचा, तेव्हा ती दर चार वेढ्यांनी दरडावून विचारायची, "दुखतंय?" मुलींना वाटे, ही रागावली. विदाद तर घाबरून नेहमी "नाही" म्हणायची. आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, की त्या खोलीत सगळ्यांत घाबरलेली बाई विचारणारी होती.

"अर्ध्या तासात हे वाळतील," खाल्ती परत येऊन म्हणाली. "वाळले की पिंजारतील, आणि पिंजारलेले जळके केस मी विंचरणार नाही. टॉवेलनं घासू नकोस गं, नुसते टिप. घरातलं सगळ्यांत जुनं सुती कापड आणा. जे धुऊन धुऊन मेलंय असं."

मग घरातले जुने कपडे बाहेर निघाले. यम्माची चादर, टेबलावरचं कापड, आजोबांचा सदरा. खाल्ती प्रत्येक कापड आधी गालावर आणि मग खालच्या ओठावर फिरवायची. ओठाला जे अडेल ते केसाला अडेल, असा तिचा हिशेब. चादर अडली. सदरा अडला. मेंदीला येणाऱ्या बायकांची वेळ जवळ येत होती. विदाद टॉवेलचं टोक मुठीत धरून बसली होती, आणि कानाजवळच्या बटा आताच वर उठायला लागल्या होत्या.

"अजून काही आहे का घरात?"

यम्मानं रिकामं कपाट पुन्हा चाचपलं. मग विदाद हळूच म्हणाली, "लोत्फीचा पायजमा."

निळ्या पट्ट्यांचा तो पायजमा लोत्फीनं अकरा वर्षं वापरला होता. यम्मानं दोनदा पोछ्याला काढला आणि त्यानं दोनदा बादलीतून वाचवला. आत्ता तो उशीखाली होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. लोत्फी उठला आणि घेऊन आला.

खाल्तीनं तो गालावर फिरवला. ओठावर फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"धुतलाय ना?"

"कालच."

कात्री चालली. गाठ केसात रुतते, म्हणून यम्मानं तुकडे कडेला कड लावून सपाट शिवले. बाटलीतलं जैतुनाचं तेल खाल्तीनं तळहातावर चोळलं, केस टोकाकडून वर असे विंचरले आणि पहिला वेढा घातला. चार वेढ्यांनंतर तिनं विचारलं, "दुखतंय?"

विदाद सवयीनं "नाही" म्हणाली, मग थांबली. "थोडं. डाव्या कानापाशी."

खाल्तीनं सगळं सोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत इतकी शांतता होती, की खाली रस्त्यावर सार्डिनवाल्यानं आरोळी दिली तर यम्मा दचकली. खाल्ती टोकाकडून एकेक वेढा काढत होती. सुटलेल्या पट्टीवर तिची नजर खिळलेली. कुठं केस चिकटून आला का, कुठं पुंजका आला का. लोत्फी दाराशी कॉफीचा कप धरून उभा होता आणि कॉफी बशीत सांडत होती.

मुळाजवळचे शेवटचे तीन वेढे राहिले आणि खाल्तीचा हात थांबला. थांबला तो थांबलाच. तिनं डोळे मिटून घेतले.

"तुझा पायजमा आहे," ती म्हणाली. "तू काढ."

लोत्फीनं कप ठेवला. त्यानं आयुष्यात रेडिएटर खोलले होते, बंदरावर क्रेन चालवली होती, पण असा घाम कधी फुटला नव्हता. पहिला वेढा. दुसरा. तिसरा निघाला आणि पट्टी त्याच्या हातात आली. त्यानं ती उजेडात धरली.

"किती?" खाल्तीनं डोळे न उघडता विचारलं.

"तीन केस."

"नीट बघ."

"तीनच, खाल्ती."

मग तिनं डोळे उघडले. कानाच्या वरची जागा तिनं बोटांनी चाचपली, आधी डावी, मग उजवी. विदादनं मान हलवली आणि केस पाठीवरून एकसारखे खाली आले. जळकी टोकं आखूडच राहिली, पण आज ती पिंजारलेली नव्हती, सगळी खाली बघत होती. खाल्तीनं उगाच खिडकी घट्ट लावली. "गाडीत बसेपर्यंत हिला हवा लागू देऊ नका," एवढंच ती बोलली आणि उलट्या हातानं नाक पुसत खाली निघून गेली.

सासूनं मेंढीचा विषय काढला नाही, असं झुबीर सांगतो.

आठवड्यानं लोत्फी खाल्तीच्या दाराशी गेला. एका हातात साखर आणि कॉफीची पुडी, दुसऱ्यात सुरीनं कापलेल्या जुन्या पट्टीचे तीन तुकडे. आत खाल्ती शेजारच्या सात वर्षांच्या पोरीचे केस गुंडाळत बसली होती. तिच्या बोटांतून निळे पट्टे सरकत होते.

"दुखतंय?"

"नाही, खाल्ती."

"खरं सांग."

लोत्फीनं पुडी आणि तुकडे उंबऱ्यावर ठेवले आणि आपल्या अकरा वर्षांच्या सोबत्याकडे बघितलं. "खाल्ती," तो म्हणाला, "माझा पायजमा मला परत कधी मिळेल?"

"दोरी विकत आणशील तेव्हा."