मादोन्नाला वाहिलेला ब्रेकचा लिव्हर

नुल्लो झाऊली देव मानत नव्हता, हे साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. बापही तसाच, म्हणून तर पोराला त्यानं कुठल्या संताचं नाव दिलं नाही. समोरून पाद्री आला की नुल्लो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. इटलीतल्या फाएन्झाच्या वरच्या दरीत त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं, चाळीस वर्षं. मोडकी वस्तू त्यानं कधी कुणाला मोडकी परत दिली नाही. बारमधले टवाळ म्हणायचे, "याच्याकडे तुटका पाय नेलात तरी वेल्डिंग मारून देईल!" हसायचे मेले. आणि गाडी बंद पडली की त्याच्याच दारात उभे.

इरिदे त्याच्या वारलेल्या भावाची मुलगी. ती नर्स होती. दरीतल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन इंजेक्शन द्यायची, जखमा बांधायची, आणि सगळं मोटरसायकलवरून. नवी मोटरसायकल घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मार्चमध्ये उतारावरच्या वळणाशी तिनं पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर कटकन तुटला. भिंत समोरच होती.

उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डोक्याला मार बसला आणि चार दिवस शुद्ध नव्हती.

नुल्लोनं गाडी गॅरेजमध्ये आणली. लिव्हरचा तुटून पडलेला तुकडा मात्र सापडेना. दोन दिवस तो नाल्यातल्या काटेरी झुडपांत चाचपडत होता. हात रक्ताळले, पण तुकडा मिळवलाच. उजेडात धरला आणि त्याच्या तोंडून शिवीच गेली. तुटलेल्या जागी, धातूच्या मधोमध, मसुरीच्या दाण्याएवढं भोक! कारखान्यात ओततानाच राहिलेला बुडबुडा.

"चोर लेकाचे!" तो बारमध्ये ओरडला. "माझ्या पोरीच्या हातात पोकळ लिव्हर दिला!"

आणि मग त्यानं ते केलं, जे त्याच्या बापानं ऐकलं असतं तर कबरीतून उठून आला असता. तो टेकडीवरच्या चर्चमध्ये गेला. तिथल्या भिंतींवर अपघातातून वाचलेल्यांनी वाहिलेल्या वस्तू लटकलेल्या आहेत: चेपलेली हेल्मेटं, कुबड्या, वाकडी हँडलं. नुल्लो मादोन्नाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, मूर्तीपुढे टोपी काढून उभा राहिला. "हे बघा बाई, आपली काही ओळख नाही. पण पोरगी जगली तर तो लिव्हर तुमच्या भिंतीवर आणून लावीन."

पाचव्या दिवशी इरिदेनं डोळे उघडले आणि कॉफी मागितली.

लोक वस्तू मोडक्याच वाहतात, तशीच रीत आहे. पण नुल्लोच्या जिवाला ते पटेना. "मोडकी वस्तू देऊ? मी?" तुटलेल्या दोन्ही कडा त्यानं कानशीनं साफ केल्या, भोक भरलं, तुकडे वेल्डिंगनं जोडले आणि लिव्हर आरशासारखा चकचकीत केला. दोन दुपारी त्यातच गेल्या. मग लाकडी पाटीवर बसवून, खाली "इरिदेसाठी" असं कोरून, तो भिंतीवर लावला. पाद्र्यानं त्याचा हात हातात घेतला, तोही त्यानं सोडवून घेतला नाही.

सप्टेंबरमध्ये इरिदे त्याला घेऊन फाएन्झाला वकीलबाई फाब्रींकडे गेली. तिचा गुडघा वाकत नव्हता. बोलोन्याचे डॉक्टर नवा गुडघा बसवू म्हणत होते. तो, आणि पायाऐवजी हातानं चालवायची एखादी मोटार भरपाईतून मिळाली असती तर ती आपल्या म्हाताऱ्यांकडे पुन्हा जाऊ शकली असती. तिला दुसरं काही नको होतं.

"कायदा तुमच्या बाजूनं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "कारखान्यानं हयगय केली हे दाखवायची गरजच नाही. लिव्हर सदोष होता आणि त्या दोषामुळेच तुम्हाला इजा झाली, एवढं दाखवायचं. मुदत तीन वर्षांची. तो लिव्हर जपून ठेवलाय ना?"

"म्हणजे काय!" नुल्लो छाती काढून म्हणाला. "खुद्द मादोन्नाकडे ठेवलाय!"

त्याच दिवशी तिघं टेकडीवर गेले. वकीलबाईंनी भिंतीवरचा लिव्हर पाहिला आणि त्या गुळगुळीत धातूवरून बोट फिरवलं.

"फोटो काढला होता भोकाचा?"

"नाही."

"कुणाला दाखवलं?"

"बारमध्ये सगळ्यांना सांगितलं की!"

"सांगितलं हो. दाखवलं का?"

आता कुठे नुल्लोच्या डोक्यात उजेड पडला: भोक भरून त्यानं पुरावाच बुजवला होता. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "कंपनी म्हणेल, गाडीचं सर्व्हिसिंग यानंच केलं होतं. स्वतःची चूक झाकायला यानंच पुरावा वितळवला."

"मग माझ्यावर दावा लावा! गॅरेज घ्या माझं!"

इरिदेनं काठी फरशीवर आपटली. "काका, गप्प बस. तुझ्यावर दावा लावण्याइतकी लंगडी नाही झाले मी अजून."

एकच वाट उरली होती: दोन्ही बाजूंसमोर लिव्हर कापून बघायचा. आत बुडबुड्याचा कण जरी शिल्लक असला, तरी दावा उभा राहणार होता. रावेन्नाच्या प्रयोगशाळेत तारीख ठरली. त्या सकाळी नुल्लो पुन्हा टेकडी चढला.

"बाई, पुन्हा मीच. चाळीस वर्षांत माझ्या कामासाठी तुमच्याकडे काही मागितलं नाही. एकदा, फक्त एकदा माझं काम कच्चं निघू दे."

करवत जोडावरून फिरली. कंपनीचा इंजिनियर भिंग लावून खूप वेळ बघत राहिला. मग आणखी चार ठिकाणी काप घेतले. सगळीकडे धातू भरीव, एकजीव. बुडबुड्याचा मागमूसही उरला नव्हता. नुल्लोनं तो काठोकाठ भरला होता.

"हे काम कुणी केलं?" इंजिनियरनं विचारलं. कुत्सितपणे नव्हे, अगदी मनापासून. "तीस वर्षं या धंद्यात आहे, इतकी सफाई पाहिली नव्हती."

"मी," नुल्लो म्हणाला. असलं कौतुक त्याला जन्मात कुणी ऐकवलं नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

बाहेर दगडी पायऱ्या होत्या. इरिदे ताठ पाय आधी खाली टाकायची, मग दुसरा. नुल्लोनं तिचं कोपर धरलं होतं. त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"रडतोस काय काका? काम चांगलं आहे म्हणाला ना तो?"

"हो, म्हणाला," नुल्लोनं उत्तर दिलं, आणि पुढच्या पायरीवर तिची काठी नीट टेकेपर्यंत तो थांबला.