तीन मजल्यांवरून गप्पा

माझे गुडघे वाजले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात. गोळ्यांनी पोट जाळलं म्हणून त्या सोडल्या, आता निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि डॉक्टरीणबाईंचा हुकूम, "जिने टाळा." मी राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही!

संध्याकाळी माझा मित्र दत्तू, तोही गुडघेवाला, खाली येऊन उभा राहतो.

"उतर की, म्हाताऱ्या!"

"तू चढून दाखव, मग बोल!"

आमच्या या गप्पा पार नदीपलीकडे ऐकू जातात.

त्याची बायको गेल्यानंतर काल तो पहिल्यांदाच आला. वर बघत नुसता उभा राहिला. हात हातात घेऊन बोलायचं ते तीन मजल्यांवरून ओरडून कसं बोलायचं? शेवटी मी ओरडलो, "जेवलास का रे?"

सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. दत्तूचे ओठ हलले. वर काहीच ऐकू आलं नाही.